कागदी प्लेट्सची चार घरं

मी मंडळाची अध्यक्ष झाले त्याच्या चौथ्याच दिवशी वेम्बलीने फुटून निघायची नोटीस पाठवली. ईमेल होती, 'माननीय अध्यक्ष' अशी सुरुवात, आणि खाली सगळ्या सभासदांना कॉपी. मी वॉर्डवर होते. ब्रेकमध्ये फोन उघडला आणि चहा तसाच ठेवून उठले.

आमचं मंडळ म्हणजे लंडनच्या पश्चिमेकडची मराठी घरं. निम्मी हाउन्सलोच्या बाजूची, विमानतळावर आणि हॉस्पिटलात राबणारी. निम्मी वेम्बलीची, बहुतेक आयटीतली आणि जुनी स्थायिक. मंडळाचा एक मोठा अभिमान होता, की इथे कधी निवडणूक झाली नाही. सगळं बिनविरोध. म्हणजे काय, तर वहिनी म्हणतील तो अध्यक्ष. वहिनी म्हणजे संस्थापकांच्या पत्नी, आता सत्तरीच्या पुढच्या. आम्ही सगळेच त्यांना वहिनी म्हणतो. यंदा कोणालाच ते काम नको होतं. हॉलचं बुकिंग, कौन्सिलचे पार्किंगचे फॉर्म, वर्षभर लोकांची बोलणी खायची, कोण घेणार? वहिनींनी माझं नाव घेतलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुटल्याच्या टाळ्या होत्या त्या, आता कळतं.

मी तिथेच उभी राहून सांगितलं होतं, की आम्ही बौद्ध, मी आणि माझा नवरा पूजेला बसणार नाही, पण हॉल, जेवण, पार्किंग सगळं मी बघेन. आमच्याकडे प्रथा अशी, की गणपतीच्या प्रतिष्ठापनेला अध्यक्ष जोडीने पूजेला बसतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. उपाध्यक्ष, ते वेम्बलीचे, हसून म्हणालेसुद्धा की त्यात काय मोठंसं. आणि चौथ्या दिवशी नोटिशीत त्याच गृहस्थांची सही! परंपरा मोडली जात आहे, सबब वेम्बलीचे सभासद यंदापासून स्वतंत्र मंडळ आणि स्वतंत्र गणपती बसवीत आहेत, विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. सबब म्हणे. घरात बायकोशी असं बोलतात का हे?

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो कार्गोच्या शिफ्टवरून येऊन बूट काढत होता. म्हणाला, खुर्ची गरम व्हायच्या आत यादवी, तू तर मोठमोठ्या राष्ट्राध्यक्षांच्या रांगेत बसलीस. मला हसू आलं नाही. कारण मला पुढचं वाक्य ऐकू येत होतं, जे तो बोलला नाही आणि बाकी सगळे बोलणार होते. तीस वर्षं एकसंध राहिलेलं मंडळ माझ्या हातात आलं आणि फुटलं, तर कोणी वेम्बलीचं नाव घेणार नव्हतं. म्हणणार होते, बघा, 'यांच्या' हातात दिलं की असंच होतं. त्या खुर्चीवर आमच्यातली मी पहिली. माझ्यानंतर आमच्यातल्या कोणाला पुढची वीस वर्षं कोणी विचारलं नसतं. म्हणून मी ठरवलं, काय वाटेल ते होवो, मंडळ फुटू द्यायचं नाही.

मग सुरू झालं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणं. तीन आठवडे मी फोनवर होते. पूजेला उपाध्यक्षांनी जोडीने बसावं, कबूल. उद्घाटनाचं भाषणही त्यांनीच करावं, तेही कबूल. बॅनरवर माझं नाव बारीक अक्षरात असलं तरी माझी हरकत नव्हती. एक बाई मला म्हणाल्या, तुम्ही इतक्या समजूतदार असाल असं वाटलं नव्हतं. मी थँक यू म्हटलं. माझं मलाच आता ऐकवत नाही ते थँक यू. दुसरीकडे त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कानामागून आली आणि तिखट झाली' असं चाललं होतं. स्क्रीनशॉट पाठवणारे हितचिंतक काय, सगळीकडे असतात. मी तेही गिळलं.

शेवटी उपाध्यक्षांचा फोन आला. आवाज एकदम मवाळ. नोटीस मागे घेतो म्हणाले, आता वाद उरलाच नाही. फक्त एक छोटी गोष्ट, महाप्रसादाच्या जेवणाची यादी वहिनींच्याच हातात राहू दे. कोणी काय करून आणायचं ते त्या ठरवतील. "आधीसारखंच राहू दे, एवढंच," असं दोनदा म्हणाले.

मी हो म्हणणारच होते. पण वॉर्डवर इतकी वर्षं काढली की एक खोड लागते. पेशंट एखादी गोष्ट दोनदा म्हणाला की नर्स तिथेच थांबते. मी बॅनर सोडला, भाषण सोडलं, तरी ही माणसं पुरीभाजीच्या यादीवर अडून का बसली आहेत? मी सेक्रेटरीला मेसेज केला, जुन्या याद्या पाठव. तिने बिचारीने सगळी शीटच पाठवली, दर वर्षाचं वेगळं पान.

सुट्टीचा दिवस होता. वॉशिंग मशीन लावून मी किचनच्या टेबलाशी लॅपटॉप उघडला. गेल्या वर्षीचं पान. मसालेभात अमुक घर, बटाट्याची भाजी अमुक, मोदक पाच घरांत वाटून, कोशिंबीर, वरण, पुऱ्या. आमच्या घरापुढे, कागदी प्लेट्स आणि नॅपकिन. बरोबर, मला आठवत होतं. त्याच्या आदल्या वर्षी आमच्याकडे ज्यूस आणि पाणी. त्याच्या आधी प्लेट्स. त्याच्या आधी चमचे, ग्लास. मी मागे मागे जात राहिले. नऊ वर्षं आम्ही सभासद आहोत आणि नऊ वर्षांत माझ्या घरापुढे एकदाही गॅसवर चढणारी वस्तू नाही. साधी कोशिंबीरसुद्धा नाही.

आणि माझा मूर्खपणा ऐका. मला ते प्रेम वाटत होतं! वहिनी म्हणायच्या, तुझ्या शिफ्टा असतात ग, तुला कशाला कुटाणा, तू आपल्या प्लेट्स आण. मी लोकांना कौतुकाने सांगायचे, वहिनी माझी किती काळजी घेतात. प्लेट्ससुद्धा मी अशातशा नाही आणल्या कधी. आमटीने भिजून वाकू नयेत म्हणून नवरा होलसेलवाल्याकडून जाड, कप्प्यांच्या आणायचा. लोक म्हणायचे, प्लेट्स मस्त आहेत हं यंदा. मी खूश व्हायचे. त्या टेबलाशी बसून मला ते आठवलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

मग वाटलं, थांब, साप साप म्हणून भुई धोपटू नकोस. बाकी कोणाकडे प्लेट्स आहेत ते बघ. बघितलं. नऊही वर्षं प्लेट्स, पाणी, ज्यूस, नॅपकिन हे चारच घरांत फिरत होतं. एक आम्ही. दुसरी हाउन्सलोचीच एक नर्स, तिसरी एक्स-रे विभागात काम करणारी. दोघी आमच्यातल्याच, जयंतीला आम्ही एकत्र असतो. आणि चौथं घर बघून मी चक्रावले. ती आमच्यातली आहे हे मला माहीतच नव्हतं. गावावरून पडलेलं, 'कर' लागलेलं आडनाव, कोणाचंही असू शकतं. कधी काही बोलली नाही. लेस्टरहून इकडे आलेली, घरीच असणारी, हसरी बाई. पंधरा वर्षांची एक मुलगी. मला माहीत नव्हतं ते वहिनींना माहीत होतं.

त्याच दुपारी मी वेम्बलीला गेले. वहिनींनी दार उघडलं, अगं ये ये म्हणाल्या, चहा टाकला. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे उघडून ठेवला आणि विचारलं, हे काय आहे. मला वाटलं होतं नाकारतील, निदान गडबडतील. छे! चष्मा लावून शांतपणे त्यांनी यादी वाचली, एखादी बाई आपलं जुनं विणकाम बघते तशी.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "ही यादी मी अशी केली नसती, तर तुम्ही लोक आलात त्या पहिल्याच वर्षी मंडळ फुटलं असतं. काही घरं जेवायलाच थांबली नसती. मी कोणाला दुखवलं का? तुला तरी कधी कळलं का?"

त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी उपकार केले. लेस्टरच्या त्या चौथ्या घराचं कसं कळलं विचारलं, तर म्हणाल्या, माझी चुलत नणंद तिथे बेलग्रेव्ह रोडला राहते, विचारून घेतलं, चौकशी करावीच लागते. चौकशी! मुलगी द्यायची होती की काय यांना? आणि एकदम माझ्या डोक्यात आलं, की या वहिनी नऊ वर्षांत माझ्या घरी किती वेळा आल्या, पण जेवल्या कधी? कायम एकादशी, नाहीतर संकष्टी, नाहीतर ॲसिडिटी. मी त्यांच्या हातचा चहा तिथेच ठेवला आणि निघाले.

मी सभेत ही यादी वाचायची ठरवली. फुटायचं तर फुटू दे मंडळ, पण पूजेच्या नावाखाली नाही, खऱ्या कारणाने फुटू दे. दोघी मैत्रिणींना फोन केला. दोघी म्हणाल्या, वाच, आमची नावं घेऊन वाच. मग चौथीला केला. तिने आधी खोलीचं दार लावून घेतलं, ते मला ऐकू आलं. मग म्हणाली, तिला माहीत होतं. पहिल्या वर्षीच कळलं होतं, प्लेट्स म्हटल्याबरोबर. मला कळायला नऊ वर्षं लागली होती.

"ताई, तुमचं वाचा," ती म्हणाली. "माझं नका वाचू. लेस्टरला मी सगळ्यांना सांगून राहिले होते, तेव्हा काय काय झालं ते मला परत नको. माझ्या मुलीला अजून काही माहीत नाही. परीक्षा झाल्या की सुट्टीत आम्ही तिला गावी नेणार आहोत. तिच्या आजोबांचं घर दाखवायचं, ते कसे शिकले ते सांगायचं, मग हे सांगायचं. मी ठरवलंय कसं सांगायचं ते. तेवढं माझ्याकडे राहू द्या."

मी तिला शब्द दिला.

सभा रविवारी दुपारी हाउन्सलोच्या कम्युनिटी हॉलमध्ये. इतकी गर्दी एरवी गणपतीलाही नसते; भांडण बघायला माणूस आजारपणातूनही उठून येतो. वेम्बलीवाले सगळे डावीकडे बसलेले, जणू मध्ये सीमारेषा आखली होती. चौथी मागच्या रांगेत, शेजारी तिची मुलगी. मुलीला का आणलं असेल असं क्षणभर वाटलं. शनिवारच्या मराठी वर्गाच्या पोरांना हॉल आवरायला बोलावलं होतं, ते नंतर आठवलं.

मी उभी राहिले आणि सांगितलं, पूजेचा वाद मिटला आहे, मी सगळं मान्य केलं आहे, आता फक्त जेवणाच्या यादीचा प्रश्न आहे आणि ती यादी मी वाचून दाखवते. माझ्या घराची नऊ वर्षं वाचली. प्लेट्स, ज्यूस, प्लेट्स, चमचे. मग दोघी मैत्रिणींची. वाचून झाल्यावर विचारलं, या तीन घरांत चूल नाही का?

उपाध्यक्ष उठले. चेहऱ्यावर समजुतीचं हसू. ते म्हणाले, ताईंचा गैरसमज होतोय, फार वाईट वाटतं, पण जरा बघा, तिन्ही भगिनी हॉस्पिटलमध्ये आहेत, शिफ्ट करतात. त्यांना त्रास नको म्हणून हलकं काम दिलं, हा तर वहिनींचा मोठेपणा. जिथे काही नाही तिथे जात आणायची, हे इंग्लंडमध्ये शोभत नाही. डावीकडे टाळ्या पडल्या. उजवीकडेही पडल्या. आमच्या हाउन्सलोच्या बाजूची माणसं माना हलवत होती, हो, शिफ्टच तर असते. वहिनी पहिल्या रांगेत हात जोडून, डोळे मिटून, एखाद्या साध्वीसारख्या बसलेल्या. आणि ते गृहस्थ माझ्याकडे बघून हसत होते. माहीत असून हसत होते! ती यादी आधीसारखी राहू दे म्हणून दोनदा सांगणारा माणूस मला भर सभेत जातीयवादी ठरवत होता.

मला दुसरं काही दिसेना. मी म्हणाले, आणि चौथं घर? मी तिचं आडनाव घेतलं. "ती कुठे शिफ्ट करते? ती तर दिवसभर घरी असते. तिच्याकडे नऊ वर्षं प्लेट्स का? कारण वहिनींनी लेस्टरला चौकशी केली आणि कळलं की तीही आमच्यातली आहे. विचारा वहिनींना."

वहिनींनी डोळे उघडले. नाही म्हणाल्या नाहीत. शंभर माणसं एकदम मागे वळून बघायला लागली. त्या शांततेत तिच्या मुलीचा आवाज आला, मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"आई, आमच्यातली मीन्स व्हॉट?"

तिची आई उठली. दोघींचे कोट उचलले, मुलीचा हात धरला आणि बाजूच्या दाराने बाहेर गेली. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी तिच्यामागे जायला हवं होतं. पण हॉलमध्ये जे हवं होतं ते घडायला लागलं होतं. वेम्बलीचीच एक तरुण मुलगी उठून म्हणाली, मला याची लाज वाटते, मी फुटणाऱ्यांत नाही. मग अजून एक जण उठला. मग बरेच. वहिनींचे यजमान, जे कधी सभेत बोलत नाहीत, ते म्हणाले की यादी आजपासून बंद, चिठ्ठ्या टाका, ज्याला जे येईल ते. हात वर झाले, डावीकडचेसुद्धा. उपाध्यक्षांनी नोटीस मागे घेतली आणि फार ओशाळून वगैरे माफी मागितली. दोन बायका मला मिठी मारून रडल्या. सेक्रेटरीने लिहून घेतलं, मंडळ एकसंध राहील, सर्वानुमते. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हे सांगायला मला लाज वाटते, पण वाजवल्या.

यंदा गणपतीत माझ्या वाट्याला पुरणपोळी आली. शंभरावर लाटल्या. माणसं रांग लावून जेवली, परत परत घेतल्या, एकीने रेसिपी मागितली. वहिनींनी सगळ्यांच्या देखत अर्धी खाल्ली, फोटो काढू दिला. तो फोटो मंडळाच्या पेजवर आहे, खाली लोकांनी लिहिलंय, हीच खरी मराठी संस्कृती. मला तो फोटो बघितला की चीड येते. माझ्या हातचं एकदा खाल्लं की नऊ वर्षांचा हिशोब मिटतो, असं यांना वाटतं, आणि वर शाबासकी पण हवी. आता जो तो मला सांगतो, तुम्ही होतात म्हणून मंडळ वाचलं, दुसरं कोणी असतं तर फुटलं असतं. अध्यक्षपद पुढची दोन वर्षंही मलाच द्यायचं म्हणतात, बिनविरोध.

मंडळ फुटलं नाही. फक्त एक घर सोडून गेलं, आणि ते आमच्यातलं होतं. त्याची कोणी नोंद घेतली नाही. एक जण तर म्हणाला, त्यांना उगाच लपवायची काय गरज होती, आपण कुठे काही मानतो? मी त्याला हॉलमध्येच काय वाटेल ते बोलले. पण खरं सांगायचं तर त्याच्यावर ओरडताना मला माहीत होतं, की मी कोणावर ओरडतेय.

तिला मी मेसेज केले, फोन केले. काही नाही. गणपती झाल्यावर एका शनिवारी सरळ तिच्या घरी गेले. बेल वाजवली. दार मुलीने उघडलं, अर्धंच. मी विचारलं, आई आहे का? आत किचनमध्ये कुकरची शिट्टी झाली. मुलगी म्हणाली, आई घरी नाही.

मी तिथेच उभी राहिले. काय बोलायचं ते घोकून आले होते, त्यातलं एक अक्षर आठवेना. म्हटलं, बाळा, मला तुझ्या आईची माफी मागायची आहे, मी त्या दिवशी फार रागात होते. तिने ऐकून घेतलं. आमच्या मुलांचं मराठी असतं तसं तिचं मराठी, शब्द शोधत शोधत, पण ती इंग्लिशमध्ये बोलली नाही.

"आई मला सांगणार होती," ती म्हणाली. "आजोबाच्या घरी. तिने सगळा ठरवला होता. आता आम्ही जाणार नाही."

मग तिने हळूच, अजिबात न आपटता, दार लावून घेतलं.